फुटबॉल नंतर, आधी तो जबडा

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

"डॉक्टरबाई, माझं वय ४७. राहतो डिचोलीत, नोकरी पणजीत, दिवसभर खुर्चीवर. कॉलेजात सेंटर फॉरवर्ड होतो. पंचविशीत बूट माळ्यावर गेले ते गेलेच. आता मे महिन्यात गावात चाळिशीपुढच्यांची वाडावार फुटबॉल टुर्नामेंट आहे आणि मित्रांनी माझं नाव घातलंय. दर रविवारी सकाळी टर्फवर जमतो, चार रविवार झाले. पहिल्याच दिवशी आमच्यातल्या एकाची पोटरी फाटली. मला बीपीची गोळी दोन वर्षं चालू आहे, साखर 'बॉर्डरवर', वजन ८४ किलो, उंची पाच फूट सहा इंच. उजवा गुडघा कॉलेजात दुखावलेला. गेल्या वर्षी शेजारच्या गावात एक जण खेळता खेळता मैदानावरच गेला, तेव्हापासून बायकोने धसका घेतलाय. 'आतां पुरो!' एवढंच म्हणते. मुलगा सतरा वर्षांचा, तो नुसता हसतो. बाकी तब्येत ठणठणीत. मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेला पायऱ्या चढताना जबड्याखाली जरा ओढल्यासारखं झालं, पण थांबल्यावर गेलं, गॅस असावा. तर खेळू की नको? नाहीतर निदान गोलकीपर म्हणून उभा राहू का? — एक माजी सेंटर फॉरवर्ड"

सेंटर फॉरवर्डसाहेब,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, नेहमीचंच आहे. पोट सुटलेलं, बूट माळ्यावरून उतरलेले, घरात कुरबुर. गुडघ्याचे दोन व्यायाम सांगावेत, पाणी प्या म्हणावं, सदर संपवावं. दुसऱ्यांदा वाचताना 'बाकी तब्येत ठणठणीत' इथे अडखळले, कारण त्याच्या पुढचंच वाक्य ठणठणीत माणसाचं नाही.

पायऱ्या चढताना जबड्याखाली ओढ लागते आणि थांबल्यावर जाते. अहो, गॅसला पायऱ्या कळत नाहीत. पोटातला वारा जेवणाशी, वाकण्याशी, आडवं होण्याशी जोडलेला असतो. चढावर येणारं आणि दोन-चार मिनिटं थांबलं की विरून जाणारं दुखणं वेगळं. ते छातीत असो, जबड्यात, घशाशी, दंडात किंवा नुसतं काहीतरी आवळल्यासारखं असो, तपासणीत दुसरं काही निघेपर्यंत ते हृदयाचंच धरायचं. याला अंजायना म्हणतात. चढावर हृदयाच्या स्नायूला जास्त रक्त लागतं. रक्तवाहिनी आतून अरुंद झालेली असेल तर तेवढं पोचत नाही आणि स्नायू तक्रार करतो. ती तक्रार नेमकी कुठून येतेय हे मेंदूला नीट ओळखता येत नाही, म्हणून दुखतं जबड्यात. दाढ किडली असेल म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलेले आणि मग माझ्याकडे आलेले लोक मी पाहिलेत.

कदाचित तुमचं काहीच निघणार नाही, आणि तसंच व्हावं. पण ४७ वर्षं, बीपी, साखर, ८४ किलो आणि दिवसभर खुर्ची, एवढं सामान जमलेलं असताना मी पैज लावणार नाही. आपल्याकडच्या माणसांना हृदयविकार युरोपातल्या लोकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. त्यात आपण गोंयकार. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे चार प्रौढांमागे एक. तुमच्या टीमचे अकरा आणि बाकावरचे पाच धरले तर चौघांना साखर असायला हरकत नाही, आणि त्यातल्या दोघांना ते माहीत नसायलाही.

तेव्हा येत्या रविवारी टर्फवर जायचं ते बघायला. बूट घरी ठेवून.

आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे. आणि तिथे गेल्यावर 'चेकअप करायचंय' असं मोघम सांगू नका. जत्रेची गोष्ट सांगा, किती पायऱ्यांवर झालं, किती वेळात गेलं, पुन्हा कधी झालं का, टर्फवर झालं का. (चार रविवारांत झालंच नाही असं तुम्ही लिहिलेलं नाही, हेही माझ्या लक्षात आलंय.) आडवं झोपवून काढलेला साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असं समजायचं नाही. तुमचं दुखणं धावपळीत येतं, आणि ईसीजी काढताना तुम्ही पंख्याखाली निवांत पडलेले असता. म्हणून पट्ट्यावर चालवून काढायची स्ट्रेस टेस्ट, सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि डॉक्टरांना गरज वाटली तर रक्तवाहिन्यांचा सीटी. रक्तात तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारा आकडा. क्रिएटिनिन का, ते पुढे येईल.

मधल्या काळात ती ओढ बसल्या जागी आली, किंवा पाच-दहा मिनिटांत गेली नाही, किंवा सोबत घाम सुटला, तर स्कूटर काढू नका, मुलाला गाडी काढायला सांगू नका. १०८ ला फोन. गोव्यात सरकारी दवाखान्यांत 'स्टेमी' नावाची व्यवस्था चालते: जवळच्या केंद्रात ईसीजी निघतो, तो बांबोळीच्या गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेजातले) हृदयतज्ज्ञ पाहतात, आणि हार्ट अटॅक असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे पाठवतात. बांबोळी गाठण्याच्या घाईत हे जवळचं दार चुकवू नका.

आता तपासण्या चांगल्या आल्या असं धरून पुढचं लिहिते. त्या चांगल्या आल्या नाहीत, तर हे पान घडी करून ठेवा आणि तुमचे डॉक्टर सांगतील तेव्हा उघडा. स्टेंट बसवल्यावरही लोक हळूहळू खेळाकडे परततात, पण ती वाट मी वर्तमानपत्रातून दाखवणार नाही.

वहिनींचा धसका खोटा नाही. पस्तिशीच्या आतला खेळाडू मैदानात अचानक कोसळतो तेव्हा बहुधा हृदयात जन्मापासून काहीतरी वेगळं असतं. पस्तिशीपुढे कारण बहुतेक वेळा एकच, रक्तवाहिन्यांत साचलेली चरबी. वर्षानुवर्षं गुपचूप साचलेला थर जोराच्या श्रमात फुटतो, त्यावर गुठळी धरते, किंवा रक्त कमी पडून ठोक्यांची लय बिघडते. आणि हा धोका सगळ्यांना सारखा नसतो. आठवड्यातून चार-पाच दिवस अंग घामेजून घेणाऱ्या माणसाला दमछाकीच्या त्या तासात धोका थोडाच वाढतो. सहा दिवस खुर्ची आणि सातव्या दिवशी स्प्रिंट, अशा माणसाला तो कितीतरी पटींनी वाढतो. शेजारच्या गावात काय झालं मला माहीत नाही. पण तुमचे चार रविवार या दुसऱ्या हिशेबात बसतात, एवढं खरं.

म्हणून फुटबॉल वाईट का? मुळीच नाही. उलट, तुमच्या वयाला आणि तुमच्या बीपीला फुटबॉलइतका मानवणारा खेळ शोधून सापडायचा नाही, आणि हे मी गोव्यात राहते म्हणून म्हणत नाही. डेन्मार्कमधले पीटर क्रुस्ट्रुप हे संशोधक बरीच वर्षं याच एका प्रश्नामागे आहेत की साध्या, न खेळणाऱ्या माणसांना फुटबॉल खेळायला लावलं तर शरीरात काय होतं. त्यांच्या एका अभ्यासात ३१ ते ५४ वयाचे, बीपी वाढलेले पुरुष होते. आठवड्यातून दोनदा, तासभर, लहान मैदानावर, छोट्या टीम करून. सहा महिन्यांनी वरचं बीपी सरासरी १५१ वरून १३९ वर आलं आणि खालचं ९२ वरून ८४ वर. एखादी गोळी जेवढं करते जवळपास तेवढं. फेरो बेटांवर पस्तीस ते पन्नास वयाच्या बायकांवर असाच प्रयोग झाला, तिथेही बीपी असंच उतरलं. (वहिनींना हे वाचून दाखवा. 'आतां पुरो' म्हणणाऱ्या बाईच्या हातात बूट दिले की घरातलं वातावरण बदलतं, असा माझा अनुभव आहे.)

हे होतं कारण या खेळात पळणं, थांबणं, वळणं, उडी, धक्का सगळं मिसळलेलं असतं. छोट्या मैदानावर नाडी बहुतेक वेळ कमाल वेगाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, मध्ये मध्ये त्याहून वर उसळते, पण माणसाला आपण व्यायाम करतोय असं वाटत नाही; तो पासच्या मागे असतो. दम वाढतो, स्नायू साखर ओढून घ्यायला लागतात, आणि उड्यांनी-वळणांनी हाडंही घट्ट होतात, जे पोहण्याने किंवा सायकलने तितकं होत नाही. शिवाय ट्रेडमिलवर कोणी वाट बघत नाही. टर्फवर नऊ जण वाट बघत असतात आणि दहावा आला नाही तर फोन येतो.

आपल्याकडे फुटबॉल आला तोच तब्येतीच्या निमित्ताने. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री प्रकृती सुधारायला म्हणून शिवोलीत आले आणि पोरांना चेंडू मारायला शिकवून बसले, असं सांगतात. २०१२ साली सरकारने फुटबॉलला राज्याचा खेळ केलं. डिचोली-पेडण्याच्या बाजूला आजही क्रिकेटचीच चलती असते आणि सासष्टीवाले आपल्याला त्यावरून चिडवतात, म्हणून तुमचं पत्र डिचोलीहून आलेलं पाहून मला जरा जास्तच बरं वाटलं.

पण डेन्मार्कची ती माणसं काय करत होती ते नीट बघा. दोनदा आठवड्याला, आपापसात, ट्रॉफीशिवाय. तुम्ही काय करायला निघालात? मे महिना, दुपारी चारचं ऊन, मोठं मैदान, डीजे, मायकवाला तुमच्या नावाने ओरडतोय, समोर खालच्या वाड्याचा तो, ज्याने तुम्हाला १९९८ साली पाडलं होतं. तो खेळ वेगळा आणि ही टुर्नामेंट वेगळी. खेळात दमलात की तुम्ही थांबता. टुर्नामेंटमध्ये थांबायचं कधी हे तुमच्या हातात राहत नाही. बावीस वर्षांचं डोकं ४७ वर्षांच्या पायांना हुकूम सोडतं आणि पाय बिचारे मानतात. माझ्याकडे येणाऱ्या 'वेटरन' दुखापतींत सरावातल्या कमी आणि सेमीफायनलच्या शेवटच्या दहा मिनिटांतल्या जास्त.

मेपर्यंत साधारण तीन महिने आहेत. पुरेसे आहेत, पण रविवारवर विसंबून नाही. पहिले तीन आठवडे चेंडू नाही, रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. नाडीच्या सूत्राच्या नादी लागू नका. बीपीच्या काही गोळ्या नाडी दाबून ठेवतात आणि मग घड्याळावरचा आकडा फसवतो. पुढचे तीन आठवडे चालता चालता मिनिटभर धावणं, पुन्हा चालणं. सातव्या आठवड्यापासून पाच-पाच जणांचा खेळ, दहा-दहा मिनिटांचे डाव, मध्ये तीन मिनिटं थांबून, आठवड्यातून दोनदा. एक दिवस रविवार ठेवा, दुसरा बुधवार. दहाव्या आठवड्यात स्वतःलाच विचारा की टुर्नामेंट खेळायची का, आणि खेळायची तर अर्धा वेळ. वेटरन स्पर्धांत हवे तेवढे बदली खेळाडू आत-बाहेर करता यावेत, हा नियम आयोजकांकडून आत्ताच मान्य करून घ्या. तुमच्यासारखे सोळा जण मागतील तर कोण नाही म्हणेल?

इंग्लंडात चेस्टरफिल्डला २०११ मध्ये चालत खेळायचं फुटबॉल सुरू झालं. धावलात की फाऊल. ऐकून हसाल, मीही हसले होते. एकदा करून बघा, वीस मिनिटांत घाम फुटतो, आणि ज्याला पास देता येतो तोच जिंकतो. तुमच्या टीममध्ये साठीचा कोणी असेल तर त्याच्यासाठी हेच.

पोटरीवाल्या मित्राचं. त्याला सांगा, तेलाने चोळून घेऊ नको. पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही, हाडवैद्य नाही, आणि दुखतंय म्हणून दोन पेग तर नाहीच. पट्टी, पाय उशीवर, आणि दुखणार नाही एवढीच हालचाल. पोटरी उतरण्याऐवजी सुजतच गेली, तापली, तर नसेत गुठळी आहे का ते बघावं लागतं. पण त्याची पोटरीच फाटली हे कोणी ठरवलं? चाळिशीतल्या पुरुषांचं खास दुखणं म्हणजे टाचेमागची दोरी तुटणं, अकिलिस. ज्याची तुटते तो हमखास मागे वळून बघतो. त्याला वाटतं कोणीतरी मागून लाथ मारली. माझ्या एका पेशंटने तर मागच्याशी भांडण काढलं होतं. मागचा बिचारा पाच मीटरवर उभा. अशा वेळी माणसाला पालथं झोपवून पोटरी हाताने दाबायची. पाऊल हललं तर दोरी शाबूत, हललं नाही तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीचं अँटिबायोटिक नुकतंच घेतलं असेल तर काही आठवडे स्प्रिंट नको, त्या औषधांनी ही दोरी कमजोर होऊ शकते. औषधाच्या दुकानातून स्वतःच घेऊन येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

ही दोरी वाचवायचा उपाय फुकट आहे. घराच्या पायरीच्या कडेवर पावलांचा पुढचा भाग ठेवून उभे राहा, दोन्ही पायांवर वर जा, एकाच पायावर सावकाश खाली या. पंधरा-पंधरा वेळा, रोज. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघे टेकून बसा, मुलाला घोटे धरायला सांगा आणि कण्याची काठी करून हळूहळू पुढे झुका, जमेल तिथपर्यंत. पहिल्या दिवशी वीतभरच जमेल. मुलगा हसेल. हसू द्या, मग त्याला करायला लावा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हा मी सगळ्यांना सांगते तो तिसरा. फिफाने '११+' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप बनवलाय त्यात मांडीचा हा व्यायाम आणि एका पायावरचा तोल, दोन्ही आहेत. तरुण टीममध्ये त्याने दुखापती चांगल्याच घटतात; वेटरन टीमवर आठवड्यातून एकदाच करून पाहिला तेव्हा एकूण दुखापतींत मोठा फरक दिसला नाही, गंभीर मात्र कमी झाल्या. एका रविवारने स्नायू घडत नाहीत, त्याचा हा आणखी एक पुरावा. आणि मैदानाच्या कडेला उभं राहून पाय ओढून धरायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाईल बघायचा, याला वॉर्मअप म्हणत नाहीत.

गुडघा तुम्ही एका ओळीत उरकलात. तो अडकतो का? पायऱ्या उतरताना अचानक दगा देतो का? दुसऱ्या दिवशी सुजतो का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर आत गादी किंवा लिगामेंट फाटलेलं असू शकतं, खेळण्याआधी दाखवा. तिन्हींना 'नाही' असेल तर मांडी मजबूत करा आणि वजन पाच-सहा किलो उतरवा, गुडघ्यासाठी त्याहून मोठं औषध माझ्याकडे नाही. बूट मात्र बदला. माळ्यावरचे ते लांब खिळ्यांचे बूट टर्फवर घालू नका. खिळा रुततो, पाऊल तिथेच राहतं आणि गुडघा वळतो. टर्फला बारीक रबरी दाण्यांचे बूट मिळतात. गावचं मैदान मेमध्ये जांभ्यासारखं कडक झालेलं असतं, तिथेही तेच बरे. शिवाय वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या बुटांचा गोंद सुकलेला असतो. तळवा पहिल्या कॉर्नरलाच निघून येईल.

आता क्रिएटिनिन. सामन्याआधी डायक्लोफेनाकसारखी दुखण्याची गोळी 'सेफ्टी म्हणून' घ्यायची पद्धत वेटरन टीममध्ये इतकी रुळलीय की कॅप्टनच्या बॅगेत पाकीटच असतं. तुम्ही ती घेऊ नका. बीपीच्या आज खूप दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या मूत्रपिंडातल्या रक्ताच्या दाबाशी खेळतात. काहींच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं असतं. त्यावर दुखण्याची गोळी, त्यावर मे महिन्यातला घाम, आणि सामन्यानंतर थंडगार बियर: किडनीला एका संध्याकाळी याहून वाईट पाहुणचार करता येणार नाही. शिवाय दुखणं बधिर झालेला पाय फाटेपर्यंत कळत नाही. बीपीची गोळी मनाने बंद करायची नाही, पण तिच्यात काय काय आहे आणि उन्हात खेळायचं तर वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. साखरेची गोळी अजून सुरू नाही हे बरंच आहे. टीममध्ये इन्सुलिनवाला किंवा ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी घेणारा असेल तर त्याच्या खिशात ग्लुकोज हवा, खेळता खेळता साखर खाली जाते.

आपली हवाच अशी की घाम येतो पण उडत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग निवत नाही. कोरड्या प्रदेशातल्या पस्तीस अंशांपेक्षा आपले तेहेतीस अंश जड जातात. आयोजकांना सांगून सामने सकाळी सातला किंवा दिवे लावून संध्याकाळी साडेसहानंतर ठेवा. दर अर्ध्या डावात पाण्यासाठी एक थांबा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा शहाळं पुरतं. लघवी गडद झाली की पाणी कमी पडलं. कोणी बरळायला लागला, अडखळायला लागला, तर त्याला 'चक्कर आली' म्हणून सावलीत नुसतं बसवू नका. बर्फाचं पाणी ओता, पंखा, १०८. सामना संपल्यावर धपकन बसायचं नाही, पाच मिनिटं चालत राहायचं, नाहीतर पायांत साठलेलं रक्त वर येत नाही आणि भोवळ येते. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला असेल तर खेळायचंच नाही, विषाणूचा ताप कधी कधी हृदयाच्या स्नायूला शिवतो. आणि जूनमध्ये पावसात शेतातल्या चिखलात खेळायचा मोह होईल (मलाही बघायला आवडतं), तर पायाला जखम नसू द्या. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, त्याच चिखलातून येतो. नंतर ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर चिखलात खेळलो होतो हे डॉक्टरांना सांगा.

डोक्याने चेंडू मारणं सोडून द्या. माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूचं पुढे काय होतं ते स्कॉटलंडमध्ये तपासलं गेलंय आणि चित्र चांगलं नाही. तुमच्या बाबतीत भीती त्यापेक्षा साधी आहे. हेडर मारायला दोन डोकी एकत्र उडतात आणि एकमेकांवर आपटतात.

एक काम मात्र टुर्नामेंट होवो न होवो, करायचंच. ५ डिसेंबर २००४, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, धेंपो विरुद्ध मोहन बागान. आपल्या गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर गोल मारता मारता गोलकीपरवर आदळून कोसळला तो उठलाच नाही. २५ वर्षांचा होता. तुम्ही त्या पिढीचे, तुम्हाला तो दिवस आठवत असेल. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा खेळाडू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात तसाच कोसळला. तिथे काही क्षणांत छाती दाबायला सुरुवात झाली, मैदानावरच मशीनने शॉक दिला, आणि पुढच्या वर्षी तो परत खेळत होता. दोघांची दुखणी सारखीच होती असं मी म्हणत नाही. पण धक्का न लागता माणूस पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर ते हृदय थांबलंय असंच धरायचं. पहिल्या मिनिटात हातपाय झटकतात, त्याला फेफरं समजून आपल्याकडे कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात, तोंडात चमचा घालतात. यात तीन-चार मिनिटं जातात आणि तेवढ्यात सगळं संपतं. एकाने १०८ ला फोन, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायचं, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, अँब्युलन्स येईपर्यंत, दमलं की माणूस बदलून. बरगडी मोडेल म्हणून थांबायचं नाही. हे शिकायला एक दुपार पुरते. टुर्नामेंटच्या वर्गणीतून ट्रॉफी दोन इंच लहान घ्या आणि शिकवणारा बोलवा. जमलं तर शॉकच्या मशीनची सोय बघा, ती बोलून सांगते काय करायचं ते. आणि शिकायला तुमच्या हसणाऱ्या मुलाला पहिल्या रांगेत बसवा. मैदानाच्या कडेला तोच असणार आहे.

वहिनींना तपासणीला सोबत न्या. तुम्ही डॉक्टरांसमोर जबड्याची गोष्ट लहान करून सांगाल. त्या करणार नाहीत.

राहिला गोलकीपर. उभं राहायचं काम असतं असं तुम्हाला वाटतं, कारण सेंटर फॉरवर्ड लोकांनी गोलकीपरकडे कधी नीट पाहिलेलंच नसतं. वीस मिनिटं थंड उभं राहायचं आणि मग गरम न झालेल्या अंगाने एकदम आडवं झेपावायचं. खांदा, बोटं, कंबर सगळं त्यात येतं. भारताचे माजी गोलकीपर, आपल्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ती नुसतं उभं राहिल्याबद्दल नव्हे. तेव्हा गोलमध्ये नको. स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट आला की मला कळवा, मग आपण तुम्हाला उजव्या बाजूला डिफेन्समध्ये बसतंय का ते बघू.